'लिओ': कॅफेत कमावलं, तंबाखूच्या कारखान्यात घालवलं

लोकेश कनगराजचा 2023 सालचा तमिळ सिनेमा 'लिओ' 164 मिनिटांचा आहे, नायक तमिळ सुपरस्टार विजय. मध्यंतराला कुणाला विचारलं, कसा आहे, तर उत्तर येतं 'कडक'. तोच माणूस शेवटी बाहेर पडताना म्हणतो, 'ठीक आहे, विजयसाठी बघ.' मधल्या तासा-सव्वा तासात काय बिघडलं ते नीट बघण्यासारखं आहे, कारण हा बिघाड अभिनयातला नाही, पैशाचा नाही आणि तंत्राचा तर मुळीच नाही. पटकथेतल्या एकाच निर्णयाने तो झालाय. तो निर्णय कळला की आधीचा भाग इतका का रंगला होता, तेही कळतं.

पुढे कथेतली वळणं उघड केली आहेत. सिनेमा पाहिला नसेल आणि कोरा पाहायचा असेल तर आधी पाहून या. निम्मी मजा 'हा माणूस तो आहे की नाही' या प्रश्नातच आहे.

तर गोष्ट अशी. हिमाचलमधलं ठियोग, सिमला जिल्ह्यातलं डोंगराळ गाव. पार्थिबन (विजय) तिथे कॅफे चालवतो आणि जखमी, भरकटलेल्या जनावरांना सोडवून आणतो. बायको सत्या (त्रिशा), वयात आलेला मुलगा सिद्धू (मॅथ्यू थॉमस) आणि धाकटी चिंटू असं घर आहे. वनखात्यातला जोशी अँड्र्यूज (गौतम वासुदेव मेनन) घरोब्याचा मित्र. हा जोशी आपल्याकडचा नव्हे, केरळी ख्रिस्ती नावातला. गावात तरस घुसतं आणि पार्थिबन ते पकडतो. नायकाची एंट्री म्हणून ही मारामारी बेतशीर आहे. तरस संगणकावर बनवलेलं आहे, पण त्याला वजन आहे, श्वास आहे आणि समोरचा माणूस त्याला दचकून असतो. पुढे त्याचं नाव सुब्रमणी पडतं, आणि पाळीव जनावराला असं माणसाचं नाव ठेवण्यातला तमिळ विनोद हिंदी डबमध्येही पोचतो.

मग एका रात्री कॅफेत मारेकऱ्यांची टोळी शिरते.

हा प्रसंग या सिनेमाची खरी कमाई, म्हणून तो कसा बांधलाय ते जरा सविस्तर पाहू. जागा एकच आहे. काउंटर कुठे, दार कुठे, पोरगी कुठे बसलीये, हे मारामारी सुरू होण्याआधीच प्रेक्षकाच्या डोक्यात पक्कं बसतं. माणसं मोजकी. एक लहान मुलगी, कॅफेत काम करणारी एक तरुणी, आणि समोर मिस्किन आणि सँडी मास्टर. सँडी मुळात नृत्यदिग्दर्शक, त्यामुळे त्याचा वेडसर खुनी अंगाने बोलतो: मान कलती, हात सैल, पाय कधी उचलेल सांगता येत नाही. त्याची 'चॉकलेट कॉफी'ची ऑर्डर समाजमाध्यमांवर महिनाभर फिरत होती. आता ती ऐकून हसू येतं, पण पडद्यावर पहिल्यांदा ऐकताना पोटात गोळा येतो.

महत्त्वाचं म्हणजे नायकाला मारामारी नको आहे. तो पैसे देऊ करतो, विनवतो, माघार घेतो. नेहमीच्या 'मास' सिनेमात नायक थांबतो तो प्रेक्षकांना शिट्ट्या मारायला वेळ मिळावा म्हणून. इथे तो थांबतो कारण हात उचलला की आपलं काहीतरी कायमचं जाणार हे त्याला ठाऊक आहे. टोळीने मर्यादा ओलांडली की जे घडतं ते काही क्षणांत उरकतं. नेम इतका अचूक, हात इतका सराईत, की 'कॉफीवाल्याला हे कसं जमलं?' हा प्रश्न कुणाला तोंडाने विचारावाच लागत नाही. संशयाचं बीज संवादातून न येता त्या सफाईतूनच पडतं. आणि लगेच पार्थिबन मुलीला कवटाळून ढसाढसा रडतो. रडतो म्हणजे नायकासारखं एक आसू गाळत नाही, त्याचा चेहरा वेडावाकडा होतो. विजयच्या कारकिर्दीत पडद्यावर असा सुटलेला क्षण फार थोड्या वेळा आलाय. प्रेक्षक दोन गोष्टी एकदमच धरून बसतो: हा घाबरलेला बाप आहे, आणि हा सवयीचा मारेकरी आहे. यातलं कुठलंही एक खोटं ठरलं तर प्रसंग कोसळेल. विजय दोन्ही खरं करून दाखवतो.

अन्बरिव या जुळ्या भावांच्या जोडीने साहसदृश्यं बांधली आहेत. त्यांची ताकद जवळच्या मारामारीत आहे. भांडी, काच, टेबलाची कड, हाताला येईल ती वस्तू आणि प्रत्येक फटक्याचा हिशेब. मनोज परमहंसचा कॅमेरा आणि फिलोमिन राजचं संकलन अशा वेळी उगाच तुकडे करत नाहीत. कोण कुठून आला आणि कुठे पडला हे दिसत राहतं. हे साधं वाटतं, पण गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या बजेटच्या ॲक्शनपटांत नेमकं हेच हरवलेलं असतं.

न्यायालय त्याला स्वसंरक्षण म्हणून सोडतं. मात्र वर्तमानपत्रात फोटो छापून येतो, तो अँटनी दासच्या (संजय दत्त) हाती पडतो, आणि तंबाखूच्या धंद्याआड अमली पदार्थ चालवणारं दास घराणं ठियोगला येऊन म्हणतं, तू आमचा मेलेला लिओ आहेस. पार्थिबन म्हणतो, मी नाही.

यानंतरचा घरातला भाग बऱ्याच परीक्षणांत दोन ओळींत उरकला गेला. माझ्या मते कॅफेइतकाच तो मोलाचा आहे. कारण आता संशय बायकोच्या डोळ्यांत आलाय. इतकी वर्षं संसार केला, दोन मुलं झाली, आणि हा नक्की कोण? त्रिशाला इथे संवाद कमी आणि बघणं जास्त आहे, आणि ती ते नेमकं करते. ती त्याला काही विचारत नाही, त्याचे हात बघते. त्यावर पार्थिबनचा जो उद्रेक होतो, कुणीतरी माझ्यासारखा दिसतो म्हणून सगळे माझ्या जिवावर का उठलेत, तोही दुधारी आहे: निरपराध माणूस असाच चिडेल आणि मुरलेला खोटारडाही असाच चिडेल. ट्रेलरमधल्या या उद्रेकात एक शिवी होती, तिच्यावरून तमिळनाडूत बराच गदारोळ झाला आणि ती आवाज बंद करून दाखवावी लागली. शिवीच्या गोंगाटात प्रसंग किती चांगला लिहिलाय याकडे फारसं लक्ष गेलं नाही. विजय-त्रिशा ही जोडी 2008 च्या 'कुरुवी'नंतर पंधरा वर्षांनी एकत्र आली. तेवढं वय दोघांच्या चेहऱ्यावर आहे आणि दिग्दर्शकाने ते लपवलेलं नाही. विजयच्या पिकल्या केसांनी या भागात मोठं काम केलंय.

इथवर सगळं जमून आलेलं आहे. आता बिघाडाकडे.

'लिओ'चं मूळ लपवलेलं नाही. डेव्हिड क्रोननबर्गच्या 2005 सालच्या 'अ हिस्टरी ऑफ व्हायलन्स'ला दिलेली ही मानवंदना आहे, आणि श्रेयनामावलीत तसा उल्लेखही आहे. तो सिनेमा जॉन वॅग्नर आणि व्हिन्स लॉक यांच्या 1997 च्या चित्रकादंबरीवर बेतलेला. चित्रकादंबरीत नायकाच्या तरुणपणीचा भाग चित्रांतून सविस्तर येतो. क्रोननबर्गने तो काढून टाकला. त्याच्या सिनेमात भूतकाळ एकदाही पडद्यावर दिसत नाही. नायकाचे हात, त्याचं बोलणं, बायकोशी त्याचं बदललेलं वागणं एवढ्यातूनच आपण तो ओळखायचा. सिनेमा दीड तासाच्या थोडा पुढे जाऊन संपतो आणि भीती तशीच राहते.

लोकेश, रत्नकुमार आणि धीरज वैद्य या तिघांनी लिहिताना तो वगळलेला भूतकाळ परत आत घेतला, तोही मिरवणुकीसकट. बिघडवणारा निर्णय तो हाच.

फ्लॅशबॅक घेणं मुळात चूक नाही. तमिळ व्यावसायिक सिनेमाची ती हक्काची चौकट आहे. 1995 च्या 'बाशा'त रजनीकांतचा साधा रिक्षावाला मार खाऊन गप्प राहतो आणि मग कळतं, हा तर मुंबईचा डॉन होता. ज्यांनी तो टीव्हीवर हिंदीत पाहिलाय त्यांनाही तो क्षण आठवत असेल. विजयने स्वतः 2016 च्या 'तेरी'त हेच केलंय: केरळात मुलीसोबत बेकरी चालवणारा बाप, मागे पोलीस अधिकाऱ्याचा इतिहास. बेकरीतून कॅफेत येण्याइतपतच अंतर म्हणा. पण 'बाशा'चा फ्लॅशबॅक चालतो कारण तो नवं काहीतरी सांगतो. मित्राचा खून झाला म्हणून माणिकम बाशा झाला आणि मरत्या बापाला शब्द दिला म्हणून परत माणिकम झाला. तो भाग पाहिल्यावर आधीची प्रत्येक गप्प थप्पड वेगळी वाटायला लागते.

'लिओ'चा फ्लॅशबॅक नवं काय सांगतो? अँटनी आणि त्याचा भाऊ हॅरॉल्ड (अर्जुन) अंधश्रद्धेच्या आहारी गेलेले, धंद्याच्या भरभराटीसाठी पोटच्या पोराचा बळी द्यायला निघालेले. लिओची जुळी बहीण एलिसा (मडोना सेबॅस्टियन) त्यात जाते, लिओ उलटतो, कारखान्याला आग लागते आणि लिओ मेला असं जग समजतं. म्हणजे लिओने घर का सोडलं एवढंच कळतं. पण ज्या माणसाने कॅफेत रडत-रडत गोळ्या झाडल्या, त्याला त्या रडण्यापर्यंत काय घेऊन आलं? खून करणारा हात जनावरांना मलमपट्टी करायला कधी शिकला? सत्याला तो कसा भेटला, तिच्याशी पहिल्यांदा खोटं बोलताना त्याला काय वाटलं? मधली वीसेक वर्षं कोरीच राहतात. पूर्वार्धाने जे प्रश्न उभे केले त्यांपैकी एकालाही हा फ्लॅशबॅक हात लावत नाही, वर त्यातच 'ना रेडी'चं नाचगाणं घुसतं. गाणं जोरकस आहे यात वाद नाही. पण जिथे धाक वाढायला हवा तिथे सिगारेट आणि ठेका वाढतो.

नरबळीचा हेतूही नीट उतरत नाही. अंधश्रद्धा पडद्यावर भीतिदायक करायची तर ती हळूहळू घरात मुरताना दाखवावी लागते: कोण सांगतं, कोण मानतं, कोण मान खाली घालून गप्प बसतं. इथे ती एखाद्या सूचनाफलकासारखी येते. अँटनी दोन प्रसंगांत धूर्त व्यापारी असतो आणि तिसऱ्यात बळीसाठी मुलाकडे बघू लागतो.

धंद्याचंही तसंच. लोकेशच्या 'कैदी'त (2019) सुमारे 900 किलो कोकेन पोलीस आयुक्तालयात ठेवलेलं आहे आणि रात्र संपायच्या आत टोळीला ते परत हवंय. 'विक्रम'मध्ये (2022) हरवलेल्या मालाच्या मागे तीन-चार गट लागलेत. माल किती, कुठे आणि कुणाच्या नावावर हे कळत असल्यामुळे प्रत्येक मारामारीला भाव असतो. 'लिओ'च्या उत्तरार्धात मालाचा हिशेबच नाही. तंबाखूची पोती, ट्रक, धूर आणि 'दास अँड कंपनी'ची पाटी. कोण किती गमावणार हे माहीत नसेल तर गोळ्या कितीही झाडा, प्रेक्षकाचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट होत नाही.

आता या फ्लॅशबॅकच्या बचावात जो मुद्दा नेहमी येतो तो. जोशी अँड्र्यूज तपास करायला निघतो आणि ही सगळी कथा त्याला तुरुंगातला हृदयराज डिसोझा (मन्सूर अली खान) सांगतो. प्रदर्शनानंतर लोकेशने सांगितलं की ही त्या माणसाची बाजू आहे, ती खरीच असेल असं नाही. कल्पना झकास आहे. पण खोटं सांगणारा निवेदक सिनेमात वापरायचा तर त्याची निदान एक तरी खूण पडद्यावर पेरावी लागते: आधी दिसलेल्या गोष्टीशी न जुळणारी एखादी वस्तू, एकाच प्रसंगाचं दुसऱ्या कुणाच्या तोंडून आलेलं वेगळं रूप, किंवा निवेदक अडखळतो तेव्हा दृश्यही अडखळणं. इथे फ्लॅशबॅक ठामपणे, भव्यपणे, हृदयराजला दिसूच शकले नसते अशा खासगी क्षणांसकट दाखवला जातो. मग तो खोटा असू शकतो हे प्रेक्षकाला मुलाखतीतून कळतं. ते सिनेमात हवं होतं. पुढच्या भागात लोकेश हे धागे उलगडेलही. पण तिकीट या भागाचं काढलंय.

संजय दत्तचा हा पहिला तमिळ सिनेमा. आल्या-आल्या त्याचा दबदबा बसतो. दारातून आत येणं, बसणं, समोरच्याकडे निवांत बघत राहणं यात तो मुरलेला आहे. पुढे त्याला करायलाच काही उरत नाही. अर्जुनची गत आणखी वाईट. 'ॲक्शन किंग' म्हणून तमिळ प्रेक्षकाने ज्याला डोक्यावर घेतलं, त्याला एक ओळख, एक रुबाबदार चाल आणि शेवटची हाणामारी एवढंच मिळतं. दोघा भावांत मतभेद, मत्सर, भीती, काही तरी हवं होतं. दोघांची वाक्यं अदलाबदल केली तरी फरक पडू नये, इतके ते एकसारखे लिहिलेत. अनुराग कश्यप येऊन जातो तो इतक्या झटकन की शेजारच्याला 'हा तोच ना?' विचारेपर्यंत संपतो. एलिसा ही या भागातली सगळ्यात कुतूहलाची व्यक्ती, कारण लिओची बरोबरी करणारी ती एकटीच आहे. तिला मरण्यापुरतं ठेवलंय. आणि सत्या, जिच्या संशयावर पूर्वार्ध उभा होता, ती उत्तरार्धात घरात अडकून राहते. प्रश्न तिचा होता, उत्तर मात्र भलत्याच माणसाला भलत्याच ठिकाणी दिलं जातं. पार्थिबन 'मीच लिओ' हे कबूल करतो ते हॅरॉल्डसमोर. शिट्ट्या पडतात, पण नाट्याच्या हिशेबाने ही कबुली सत्यासमोर व्हायला हवी होती.

उत्तरार्धातली ॲक्शनही याच कारणाने ढिली पडते. हायवेवरचा गाड्यांचा पाठलाग घ्या. संगणकी काम इथे उघडं पडतं. गाड्यांना वजन वाटत नाही, आणि चेहऱ्यावरचा उजेड व मागच्या रस्त्यावरचा उजेड एकमेकांशी बोलत नाहीत. तरसाच्या केसाकेसावर घेतलेली मेहनत आठवली की हे जास्तच खुपतं. तरस पुन्हा एकदा घरावरच्या हल्ल्यात कामी येतं. पेरलेलं उगवलं म्हणून तो प्रसंग टाळ्या घेतो, आणि उत्तरार्धात पूर्वार्धाशी गाठ मारणारा तो जवळजवळ एकमेव. शेवटी सिद्धूला बळी द्यायला पळवलं जातं आणि नायक तंबाखूच्या कारखान्यात शिरतो. माणसं येत राहतात, पडत राहतात. दार कुठे, मुलगा कुठे, किती जण उरले, काहीच कळत नाही. कॅफेत जे सगळं माहीत होतं ते इथे काहीच माहीत नाही, आणि फाइट मास्टर तेच आहेत. तेव्हा दोष फटक्यांच्या बांधणीला देता येत नाही. फटके ज्या कागदावरून आले तो कागदच रिकामा होता.

अनिरुद्ध रविचंदरच्या संगीताबद्दल दोन मतं पडणारच. पूर्वार्धात त्याने गप्प राहायचं कुठे हे ओळखलंय. पार्थिबनच्या साध्या जगण्यासाठी 'ऑर्डिनरी पर्सन' हे इंग्रजी गाणं निकिता गांधीच्या आवाजात येतं ते चपखल बसतं. थंडी, बर्फ, कॉफी आणि त्यावर तो थकलेला सूर. उत्तरार्धात मात्र ढोल-गिटारचा गजर संवादांवर चढतो आणि दृश्य फिकं असेल तिथे आवाज वाढवायचा हा जुना उपाय सर्रास दिसतो. जुनं तमिळ गाणं हाणामारीच्या वातावरणात आणून सोडायची लोकेशची खोडही इथे आहे. यावेळी देवा यांनी संगीत दिलेलं 2000 सालच्या 'एळैयिन सिरिप्पिल'मधलं 'करू करू करुप्पायी'. सिनेमानंतर ते गाणं नव्याने गाजलं. तमिळ प्रेक्षकाला त्यात शाळा-कॉलेजच्या बसमधल्या कॅसेटची आठवण आहे. आपल्याला ती नाही, तरी ठेका आणि दृश्य यांतला विसंगत गोडवा पोचतो.

छायाचित्रण मात्र सलग चांगलं आहे. ठियोग म्हणून दिसणारा बराचसा भाग 2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये काश्मीरच्या थंडीत चित्रित झाला. श्वासाची वाफ खरी आहे आणि कलाकारांच्या हालचालींतला कडकपणाही. हिमाचलची निळसर थंडी आणि फ्लॅशबॅकमधली तांबूस धूळ यांतला फरक ठळक ठेवलाय. भेटेल तो जवळजवळ तमिळच बोलतो, ही गंमत तमिळ सिनेमाची रूढी म्हणून सोडून द्यायची. आपल्या सिनेमातला लंडनचा टॅक्सीवाला तरी वेगळं काय करतो?

राहिला तो 'लोकेश सिनेमॅटिक युनिव्हर्स'चा, म्हणजे 'कैदी', 'विक्रम' आणि 'लिओ' एकाच जगात घडतात याचा मामला. 'कैदी'त आयुक्तालय एकट्याने लढवणारा हवालदार नेपोलियन (जॉर्ज मरियान) इथे पार्थिबनच्या घराच्या संरक्षणाला येतो. हा दुवा मनापासून आवडतो, कारण नेपोलियन माणूस म्हणून येतो, जाहिरात म्हणून नाही. तो पाठीशी आहे म्हटल्यावर 'कैदी' पाहिलेल्याला धीर येतो, आणि न पाहिलेल्याचं काहीही अडत नाही. शेवटी कमल हासनच्या आवाजात येणारा, 'विक्रम'च्या नायकाचा फोन मात्र दुसऱ्या जातीचा दुवा आहे. थिएटरात तो छप्पर उडवतो. पण एका कुटुंबाची गोष्ट संपवायच्या जागी तो पुढच्या सिनेमाची नांदी करतो, आणि सत्याला काय वाटलं हा प्रश्न तसाच राहतो.

घाई झाली का? सिनेमाचं नाव जाहीर झालं 3 फेब्रुवारी 2023 ला, आणि त्याच वेळी प्रदर्शनाची तारीखही दिली गेली, 19 ऑक्टोबर. चित्रीकरण जानेवारीत सुरू झालेलं, म्हणजे साडेनऊ महिन्यांत चित्रीकरण, तरसासारखं अवघड संगणकी काम, संकलन, डबिंग सगळं बसवायचं. उत्तरार्धावरची टीका लोकेशने नंतर मुलाखतींत मान्यही केली. पूर्वार्ध लिहून-घासून झालेला आणि उत्तरार्ध तारखेच्या मागे धावणारा, हे पडद्यावर दिसतंच.

आता पाहायचा असेल तर कसा, ते सांगतो. मराठी प्रेक्षकांपैकी बहुतेकांची आणि या सिनेमाची गाठ घरीच पडली. हिंदी आवृत्ती मोठ्या राष्ट्रीय मल्टिप्लेक्स साखळ्यांत लागलीच नाही, कारण थिएटर आणि ओटीटी यांत आठ आठवड्यांचं अंतर हवं ही त्यांची अट होती आणि निर्मात्यांनी ते कमी ठेवलं होतं. नोव्हेंबर 2023 च्या अखेरीला तो नेटफ्लिक्सवर आला. शक्यतो तमिळ आवाज आणि खाली उपशीर्षकं असाच पाहा. विजयचा अभिनय निम्मा त्याच्या आवाजात आहे. पार्थिबन हळू, थोडा नाकातून बोलतो, कॅफेतल्या रडण्यात तो आवाज फाटतो, आणि डबिंगच्या कलाकाराला ती फाट नेमकी पकडता येणं अवघड. आवाजासाठी टीव्हीच्या स्पीकरवर विसंबू नका, साधा साउंडबार किंवा हेडफोन घ्या, नाहीतर पूर्वार्धातलं कुजबुजतं बोलणं ऐकायला आवाज वाढवाल आणि उत्तरार्धात शेजारी दार ठोठावतील. भारतात त्याला 'यू/ए' प्रमाणपत्र आहे, पण रक्त भरपूर आहे, मुलीच्या डोळ्यांसमोर खून होतात आणि नरबळीचा भाग लहान पोरांना रात्री झोपू देणार नाही. बारा-तेरा वर्षांखालच्यांना सोबत घेऊन बसू नका.

'कैदी' आणि 'विक्रम' आधी पाहायलाच हवेत असं नाही. एकच पाहायचा तर 'कैदी' पाहा. गाणी नाहीत, नायिका नाही, सगळं एका रात्रीत. शिवाय नेपोलियन ठियोगच्या त्या घरी आला की तुम्हीही त्याला ओळखीचं हसाल. 'अ हिस्टरी ऑफ व्हायलन्स' मात्र 'लिओ'नंतर पाहा. आधी पाहिलात तर कॅफेचा प्रसंग कुठे जाणार ते कळलेलं असेल, आणि या सिनेमाकडे प्रेक्षकाला खरोखर चकवणारं असं तेवढंच आहे.

दुसऱ्यांदा पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. विजयच्या हातांकडे लक्ष ठेवा. पहिल्या तासात, गोळी झाडण्याच्या बरंच आधी, कॅफेत आणि जनावरांपाशी हे हात अगदी सावकाश, मोजून हलतात. सवयीने जलद चालणारा हात मुद्दाम संथ ठेवलेला. हे जर ठरवून केलं असेल, आणि बघताना तसंच वाटतं, तर फ्लॅशबॅकमध्ये जे सांगायला एवढा वेळ खर्च केला ते कप पुसताना आधीच सांगून झालेलं होतं.